लग्नाची तारीख आणि सातबारा

‘तुझ्या लग्नातच तुझा वाटा दिला,’ हे भावाचं वाक्य गावोगाव ऐकू येतं. कायद्यात त्याला आधार नाही. मांडवाचा, जेवणावळीचा, दागिन्यांचा खर्च म्हणजे जमिनीतला हिस्सा नव्हे.

गंमत अशी, की महाराष्ट्रात काही काळ लग्नाच्या तारखेवरच शेत ठरत होतं. हिंदू वारसा कायद्यातल्या राज्याच्या 1994 च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला. पण 22 जून 1994 पूर्वी लग्न झालेल्यांना वगळून. म्हणजे थोरली उपरी, धाकटी वाटेकरी! केंद्राच्या दुरुस्तीने 9 सप्टेंबर 2005 पासून हा भेद संपला. त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. मात्र 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या कायम राहतात.

तरीही बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात. माहेर तुटेल, ही धास्ती. हे पत्र नोंदणीकृतच लागतं. त्यानंतर तलाठ्याकडे फेरफार होऊन सातबाऱ्यावरून तिचं नाव उतरतं. पुढे रस्त्यासाठी जमीन संपादित झाली, की मोबदल्यात तिला मागायला काही उरत नाही.