मॉरिशसचा फोडी

सुगरण पक्षी विहिरीवरच्या लोंबत्या फांदीला घरटं बांधतो. का बरं? शत्रू तिथे पोचू नये म्हणून. हे आपण सगळे जाणतो.

सुगरणीचा एक भाऊबंद दूर समुद्रात मॉरिशस बेटावर राहतो. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात आपले मराठी लोक उसाच्या मळ्यांत मजुरीला गेले, तेच हे बेट. पक्ष्याचं नाव फोडी. तो चिमणीएवढा असतो. विणीच्या दिवसांत नराचं डोकं लालभडक होतं. रानातले किडे टिपावेत, फुलांतला मध प्यावा, असा त्याचा संसार.

पूर्वी त्या बेटावर उंदीर नव्हते, माकडं नव्हती. माणसांच्या जहाजांतून ती आली. झाडावर चढून ती अंडी-पिल्लं खाऊ लागली. ऊस व चहा लावण्यासाठी रानही तुटलं. 2001 च्या सुमारास फोडीच्या जेमतेम शंभर-सव्वाशे जोड्या उरल्या.

मग जाणत्या लोकांनी जवळच्या एका लहान बेटावरचे उंदीर आधी संपवले. काही पिल्लं हाताने भरवून वाढवली. 2003 पासून ती तिथे सोडली. आता फोडी तिथे स्वतःच घरटी बांधतात.

कणगीतला उंदीर आपलं धान्य खातो. बेटावरचा उंदीर एक कूळच बुडवत होता. माणसाने आणलेलं संकट माणसानेच निवारलं पाहिजे, नाही का?