मेजवानीमागचा हिशेब

‘डिनर अ‍ॅट एट’ हा १९३३ सालचा अमेरिकन बोलपट. आम्ही संघटनेची माणसे; चित्रपटाचे शास्त्र काही शिकलेलो नाही. परंतु हसायला म्हणून बसावे आणि हिशेब मांडीत उठावे, असा हा बोलपट आहे. तो का, एवढेच सांगावयाचे आहे.

मूळ नाटक जॉर्ज कॉफमन आणि एडना फर्बर यांचे. १९३२ साली ते न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आले आणि मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीने लगोलग त्याचा बोलपट केला. दिग्दर्शक जॉर्ज क्यूकर. एक नायक, एक नायिका असा येथे प्रकार नाही. मेरी ड्रेसलर, जॉन व लायोनेल हे बॅरीमोर बंधू, वॉलेस बीरी, जीन हार्लो, बिली बर्क अशी मोठमोठी नावे एकाच मेजवानीच्या धाग्यात ओवली आहेत.

मिलिसेंट जॉर्डन ही बाई इंग्लंडच्या एका लॉर्डसाठी मेजवानी ठरविते. तिचा नवरा पिढीजात जहाज कंपनीचा मालक. मंदीने कंपनी बुडत चालली आहे आणि त्याचे हृदयही थकले आहे. ज्या पॅकार्डकडे तो मदत मागतो, तोच दुसऱ्यांच्या नावावर त्या कंपनीचे शेअर गोळा करीत असतो. लॅरी रेनॉ हा उतरणीला लागलेला नट दारूत बुडतो आणि अखेर गॅस सोडून जीव देतो. बाईला यातले काहीच ठाऊक नसते. लॉर्डसाहेब फ्लॉरिडाला निघून गेले, नोकरांत मारामारी झाली, ठरलेला पदार्थ पानात येणार नाही, हाच तिच्या लेखी प्रलय! खरा प्रलय तिच्या घरातच आहे, हे प्रेक्षकाला माहीत असते. विनोदाची कळ ती हीच.

आता काळ पाहा. १९३३ साली अमेरिकेत सुमारे चारांतला एक कामगार बेकार होता. मार्चमध्ये बँका बंद झाल्या आणि हॉलिवूडच्या मालकांनी पगारावर कात्री चालविली. मोठ्या पगारांची तर निम्म्यावर. त्याच वर्षी लेखकांची संघटना नव्याने उभी राहिली, नटांची स्थापन झाली. मंदीचे नाटक करणारेही मंदीतच उभे होते.

बोलपटात जहाज कंपनी वाचते, ती पॅकार्डच्या बायकोने, किटीने, नवऱ्याला धाक घातला म्हणून. खलाशी, गोदीतला हमाल कोठेच दिसत नाही. त्यांची भाकर कुणाच्या शयनगृहातल्या भांडणावर टांगलेली असावी, हे आम्हांस बोचते.

शेवटी जेवणाला जाता जाता किटी म्हणते की, यंत्रे आता प्रत्येक धंद्याची जागा घेणार, असे तिने वाचले आहे. कार्लोटा तिला चपखल उत्तर देते आणि सारे हसतात. आम्हीही हसतो. मात्र ज्यांच्या खात्यात नवे यंत्र येऊन बसले आहे, त्यांना ते हसू अर्ध्यावर थांबवावे लागते. बोलपट जरूर पाहावा; पाहताना त्या टेबलावर कोणाला बोलावलेले नाही, तेही मोजावे.