आकर्षणाविना गोठणे

द्रव का गोठतो, असे वर्गात विचारले की आपले उत्तर ठरलेले असते. तापमान उतरले की रेणूंची धावपळ मंदावते आणि त्यांच्यातील आकर्षण वरचढ ठरते. उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. एकमेकांना मुळीच न ओढणारे कणही गोठतात, आणि तेही तापमान न उतरवता.

१९५७ साली ऑल्डर आणि वेनराइट यांनी संगणकावर अशा कणांचे गणित मांडले. कण म्हणजे टणक गोळे. ते एकमेकांवर आपटत, एवढेच. गर्दी पुरेशी वाढताच ते रांगांमध्ये बसले! अनेक शास्त्रज्ञांना हे पटले नाही. १९८६ साली प्युसी आणि फान मेगन यांनी तेच बाटलीत घडवून दाखवले. अ‍ॅक्रिलिक प्लॅस्टिकचे सुमारे ०.६ मायक्रॉन व्यासाचे गोळे त्यांनी द्रवात मिसळले. असे मिश्रण म्हणजे कलिल. द्रवाचे रेणू सतत धक्के देत असल्याने गोळे कधीच स्वस्थ नसतात. गोळ्यांनी ४९ टक्क्यांहून कमी जागा व्यापली असेल तर कलिल द्रवासारखेच राहते. सुमारे ५४.५ टक्क्यांच्या पुढे सगळ्याचा स्फटिक होतो. मधल्या पट्ट्यात दोन्ही एकत्र नांदतात, शून्य अंशाला बर्फ आणि पाणी नांदतात तसे. या स्फटिकातील रांगांचे अंतर प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपास असते, म्हणून बाटलीत रंगांची चमक दिसते.

पण ओढ नसताना गोळे रांगेत का बसतात? मोठ्या पिंपात गोट्या कशाही ओतल्या, कितीही हलवल्या, तरी त्या सुमारे ६४ टक्केच जागा भरतात. फळवाला संत्री रचतो तशा रचल्या तर ७४ टक्के. आता ५५ टक्क्यांची गर्दी घ्या. अस्ताव्यस्त गोळे अडकून पडण्याच्या बेतात आलेले असतात. रांगेतल्या प्रत्येकाला मात्र आपल्या जागी हलायला अजून बरीच मोकळीक असते. एकूण हालचालीच्या शक्यता, म्हणजेच एन्ट्रॉपी, रांगेतच जास्त! 'एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्था' हे आपण फळ्यावर लिहितो ते वाक्य इथे लंगडे पडते. चाणाक्ष विद्यार्थ्याने अडवले तर आपल्याला उत्तर देता यायला हवे.

वितळवणे सोपे आहे. हा स्फटिक इतका मऊ असतो की बाटली जोराने हलवली तरी मोडतो. ठेवून दिली की पुन्हा जमतो. मात्र वितळण्याची सुरुवात नेमकी कुठे होते? २००५ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील योध यांच्या गटाने यासाठी जेलीसारखे कण वापरले. ते किंचित तापवले की आक्रसतात. म्हणजे इथे उष्णता द्यायची ती मुख्यतः कण लहान करून गर्दी कमी करण्यासाठी. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण दिसत होता. जिथे वेगवेगळ्या दिशांनी वाढलेले दोन स्फटिक एकमेकांना भिडतात आणि रांगा जुळत नाहीत, त्या सांध्यावरचे कण आधी सैल झाले. मग रांगांमधील लहानसहान चुकांच्या जागा. निर्दोष भाग सर्वांत शेवटपर्यंत टिकून राहिला.