बिनतारी लहरींनीं अंतर कसें मोजतात

३३ फूट लांब व तितकेंच रुंद क्षेत्र म्हणजे एक गुंठा, व ४० गुंठ्यांचा एकर, हें प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. परंतु मध्यें नदी किंवा खोल दरी आली म्हणजे साखळी थांबते. अशा ठिकाणीं बिनतारी यंत्रांनीं अंतर काढतां येतें. त्याची रीत थोडक्यांत सांगतों.

संदेश पाठविणारीं व घेणारीं अशीं दोन यंत्रें दोन टोकांस ठेवितात. लहर दूर जातांना क्षीण होते. तेव्हां तिच्या जोरावरूनच अंतर कां काढूं नये, अशी शंका येईल. पण मध्यें दाट झाडी असली, तर जवळूनही लहर क्षीणच पोंचते. यास्तव ही रीत भरंवशाची नव्हे.

खरी रीत काळाची. पहिलें यंत्र लहर सोडतें, दुसरें तिला उत्तर देतें. उत्तर देण्यांत गेलेला काळ वजा करून बाकीचा निम्मा केला, म्हणजे एका वाटेचा काळ निघतो. मात्र लहर सेकंदास सुमारें ३,००,००० किलोमीटर धांवते. जाण्यायेण्याच्या काळांत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतरांत १५० मीटरांचा फरक पडतो.

या अडचणीवर दक्षिण आफ्रिकेंतील ट्रेव्हर वॉडली यांनीं उपाय काढला. त्यांचें टेल्युरोमीटर यंत्र १९५७ सालीं पुढें आलें. लहर जाऊन परत येईपर्यंत तिच्या चढउतारांत किती फरक पडला, यावरून तें अंतर सांगे. कित्येक मैलांचें अंतर त्यानें थोड्या इंचांच्या चुकीनें निघे. दोन टोकांवरील मोजणीदार त्याच यंत्रांतून एकमेकांशीं बोलतही असत. हल्लीं मोजणीस येणारें रोव्हर यंत्रही उपग्रहांकडून आलेल्या बिनतारी लहरींवरूनच आपलें स्थान काढतें.

तथापि तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. हवेमुळें लहर किंचित् मंदावते. ती दुरुस्ती न केल्यास किलोमीटरमागें सुमारें ३० सेंटिमीटरांची चूक राहते. दुसरें, दोन यंत्रांमधील अंतर तिरपें असतें, क्षेत्रफळास आडवें लागतें: तिरपें १०० मीटर व चढ १० मीटर असल्यास आडवें ९९.५ मीटरच भरतें. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. यंत्र फक्त आपणांमधील अंतर सांगतें. हद्द कोठें आहे हें तें जाणत नाहीं. हद्दीचा दगडच सरकलेला असेल, तर सूक्ष्म यंत्र ती चूकही सूक्ष्मपणें मोजून देईल. म्हणून मोजणीच्या दिवशीं दोन्ही शेजाऱ्यांनीं हजर राहून खुणा नकाशाशीं ताडून घ्याव्या. पुढील तंटा त्यानेंच टळेल.