शिखराचा मान कोणाचा?

एखाद्या शिखरावर प्रथम कोण चढले, हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. आल्प्समधील मोंब्लाँ या सुमारे ४,८०८ मीटर उंच हिमशिखराची वाट शोधून देणारास जिनिव्ह्याचे शास्त्रज्ञ द सोस्यूर यांनी १७६० साली बक्षीस लावले. पुढे सव्वीस वर्षांनी, ८ ऑगस्ट १७८६ रोजी, शामोनी गावचे डॉक्टर पाकार आणि डोंगरातील स्फटिक शोधून विकणारा बालमा असे दोघे माथ्यावर पोहोचले. डॉक्टर शिखराची उंची मोजण्यासाठी वायुभारमापक घेऊन गेले होते. बालमा मात्र बोलका. १८३२ साली त्याने आपली हकीकत कादंबरीकार द्यूमा यांना ऐकविली, आणि तीत डॉक्टर म्हणजे कसेबसे वर न्यावे लागलेले ओझे ठरले! १८८७ साली शामोनीत पुतळे उभे राहिले ते बालमा व सोस्यूर यांचे. दोघांची चढाई खालून दुर्बिणीने पाहणारांची टिपणे विसाव्या शतकात तपासली गेली, तेव्हा कोठे पाकारांना न्याय मिळाला.

आता आपला रायगड पाहा. उंची सुमारे ८२० मीटरच, पण कडे ताशीव. येथे माणसे चढली ती हौसेने नव्हे, कामापोटी. १६७४ च्या जूनमधील राज्याभिषेकास इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन पाचाडच्या मुक्कामाहून वर आला. त्याने लिहून ठेवले, म्हणून त्याची चढण इतिहासात आली. दरवाजे मिटल्यावर तान्ह्या बाळासाठी रात्री कडा उतरणाऱ्या हिरकणीला असा कागदाचा आधार नाही. तिचे नाव बुरुजाने आणि लोकांच्या तोंडांनी राखले. तिचा निकाल मोंब्लाँसारखा टिपणांवरून लागणार नाही. परंतु गडावर दूध, धान्य, सरपण रोज कोणी तरी डोक्यावरून चढवीतच होते, एवढे तर त्या कथेमागचे सत्य निःसंशय आहे.

गड बांधणारे हिरोजी इंदुलकर यांनी आपले नाव कोरविले ते जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर. १९९६ पासून रज्जुमार्गाने काही मिनिटांत वर जाता येते. तरी एकदा चित्त दरवाजाकडून पायी चढावे, आणि दम लागला की पाठीवरच्या ओझ्यासह ही वाट रोज तुडविणाऱ्या निनावी माणसांचा हिशेब मनाशी मांडावा.