स्मृतिव्यवस्थापन (लेखांक नववा) : ताबा कोणी सोडायचा?

मेमरीतल्या वस्तूंच्या पिढ्यांचे प्रकरण या अंकी मांडण्याचा वायदा मी केला होता खरा. परंतु मीरा रोडच्या एका वाचकांनी कळविलेली शंका इतकी मार्मिक आहे की, पिढ्यांची सुनावणी तहकूब ठेवणे मला भाग आहे. हे गृहस्थ सी शार्पमध्ये लिहिलेल्या प्रोग्रामने छायाचित्रांच्या लहान प्रती काढतात आणि प्रत निघाली की मूळ फाइल पुसण्याचा हुकूम सोडतात. तो हुकूम विंडोज कधी निमूटपणे अमलात आणते, तर कधी फाइल वापरात असल्याची सबब सांगून साफ फेटाळते. त्यातही नवल हे की, घरच्या बेताच्या मेमरीच्या संगणकावर ही सबब क्वचितच ऐकू येते, आणि कचेरीतल्या ऐसपैस सर्व्हरवर मात्र नित्य.

या विसंगतीतच उत्तर आहे. 'इमेज.फ्रॉमफाइल' या मार्गाने छायाचित्र उघडले की ती वस्तू डिस्पोज होईपर्यंत मूळ फाइलला कुलूप राहते, आणि ते कुलूप गार्बेज कलेक्टरच्या, म्हणजे बेवारस वस्तूंची मेमरी मोकळी करणाऱ्या यंत्रणेच्या, अखत्यारीतले नव्हे. जॉन मॅकार्थीने 1960 च्या आपल्या लिस्पविषयक निबंधात कचरासंकलनाची ही योजना वर्णिली, तेव्हापासून या अधिकाऱ्याला जाग येते ती मेमरीची चणचण भासू लागली म्हणजे. फाइलींची, सॉकेटांची वा डेटाबेसच्या जोडण्यांची टंचाई त्याला दिसतच नाही. भाईंदरच्या एखाद्या इमारतीतला भाडेकरू सामान हलवून निघून गेला, तरी त्याच्या नावचे गॅस कनेक्शन वितरकाच्या दफ्तरी कायम राहते, आणि खोली झाडणाऱ्याला त्याची वार्ताही नसते, तसेच हे. सर्व्हरवर मेमरी मुबलक, म्हणून झाडणाराच उशिरा येतो, आणि कुलपे साचत जातात.

(सी शार्पमागच्या डॉटनेटची पहिली आवृत्ती फेब्रुवारी 2002 मध्ये आली, आणि मीरा-भाईंदर नगरपरिषदेची महानगरपालिका झाली तीही त्याच महिन्यात; दोहोंच्या कचरासंकलनाची तुलना करण्याचा मोह मी आवरतो.)

मग घरच्या संगणकावर कुलूप निघते कसे? तेथे फायनलायझर, म्हणजे वस्तू निकालात निघण्यापूर्वी तिचा अंत्यविधी करणारा कोड, धावून येतो, आणि या महाशयांविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. ज्या वस्तूला फायनलायझर आहे, तिची नोंद जन्मतःच एका वेगळ्या यादीत होते. पुढे ती बेवारस ठरली तरी कलेक्टर तिला लगेच निकालात काढू शकत नाही, तर दुसऱ्या रांगेत उभी करतो आणि त्यायोगे तिला पुन्हा जिवंत ठेवतो. त्या रांगेतील अंत्यविधी एक स्वतंत्र थ्रेड आपल्या सवडीने उरकतो, कोणत्या क्रमाने याची शाश्वती न देता. आणि वस्तूची मेमरी सुटते ती त्यानंतरच्या एखाद्या फेरीत. आमच्या वाचकांनी 'जीसी.कलेक्ट' हा हुकूम घालून पाहिला आणि तोही कधी लागू पडला, कधी नाही, त्याचे कारण हेच: फेरी संपली, पण त्या थ्रेडचे काम संपले नव्हते. 'वेटफॉरपेंडिंगफायनलायझर्स' जोडले असते, तर बहुधा निभावले असते; पण दर छायाचित्रामागे अवघ्या मेमरीची झडती घेणे हा उपाय मला शोभिवंत वाटत नाही. जावाने तर 2017 साली, नवव्या आवृत्तीत, 'फायनलाइझ' त्याज्य ठरविले, आणि अठराव्या आवृत्तीत ते पुढे काढूनच टाकण्याची नोटीस दिली.

खरा मार्ग साधा आहे. ज्याने फाइल उघडली, त्यानेच छायाचित्र 'युझिंग'च्या कक्षेत घ्यावे; कक्षेतून बाहेर पडताना, मध्येच एक्सेप्शन उद्भवले तरीही, 'डिस्पोज' पुकारले जाते आणि कुलूप त्याच क्षणी निघते. उत्तम रीतीने लिहिलेले 'डिस्पोज' जाता जाता 'सप्रेसफायनलाइझ'ही पुकारते, म्हणजे वस्तूची ती दुसरी रांग टळते. पुसण्याचा हुकूम मात्र या कक्षेच्या आत नव्हे, बाहेर लिहावा. पुष्कळांची गफलत तेथे होते.

फायनलायझर स्वतः लिहिण्याची वेळच येऊ नये म्हणून डॉटनेटच्या 2005 च्या दुसऱ्या आवृत्तीत आणलेल्या 'सेफहँडल'विषयी लिहिण्यासारखे बरेच आहे, आणि पुढचा लेखांक त्यालाच द्यावा असे मनात आहे. पिढ्यांना तोवर थांबावे लागेल.