कलेची जत्रा आणि सासवण्याचे अंगण

चौलच्या दत्ताची पाच दिवसांची जत्रा आणि कार्तिकी एकादशीनंतर भरणारी वरसोलीच्या विठोबाची जत्रा, या दोन्ही पार पडल्यावाचून अष्टागरातील घरांना वर्ष पुरे झालेसे वाटत नाही. गेल्या थंडीत आमच्या घराने या दोहोंत तिसरीची भर घातली. ती जत्रा देवाची नव्हती, चित्रांची नि शिल्पांची होती, आणि ती पाहण्यास आम्हांस खाडी ओलांडून मुंबईस जावे लागले. तेथे जे पाहिले, आणि परत येताना आपल्याच किनाऱ्यावर जे पुन्हा नव्याने पाहिले, ते वाचकांपुढे ठेवण्याचा हेतू आहे.

जाण्याचे कारण घरगुतीच होते. आमची नात यंदा बारावीस आहे. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या दोन्ही चित्रकला परीक्षा तिने उत्तम श्रेणीत दिल्या, तेव्हा घरात पेढे वाटले गेले. परंतु पुढे कलाशाळेतच जावयाचे असे तिने दिवाळीत सांगितले, तेव्हा त्याच घरात शांतता पसरली. आमचे थोरले बंधू अण्णा पस्तीस वर्षे गणित शिकवून निवृत्त झाले आहेत. ते रागावले नाहीत. इतकेच म्हणाले, "चित्र हा छंद झाला. छंदावर चूल पेटत नाही." यावर आमच्या आत्याबाई (वय वर्षे पंच्याऐंशी) म्हणाल्या, "अरे, पण ते काय असते ते एकदा डोळ्यांनी तरी पाहा, मग नाही म्हण." आत्याबाईंचा शब्द आमच्या घरी अजून खाली पडत नाही. त्यामुळे काळा घोडा येथील कलामहोत्सवास जाण्याचे ठरले.

सकाळी अलिबागेहून मांडव्यास आणि तेथून लाँचने तासाभरात गेटवेच्या धक्क्यास लागलो. थंडीच्या दिवसांत लाँचमागे समुद्रपक्ष्यांचे थवेच्या थवे येतात. त्यांचे पांढरे पंख, मागे पडणारा मांडव्याचा डोंगर आणि पुढे धुक्यातून उगवणारी मुंबई हे सारे नात आपल्या वहीत उतरवीत होती. अण्णा वर्तमानपत्र वाचीत होते. पण पान बराच वेळ उलटले नव्हते, हे आमच्या नजरेतून सुटले नाही.

काळा घोडा हे नाव कसे पडले, हे तरुण वाचकांस कदाचित ठाऊक नसेल. पुढे सातवा एडवर्ड म्हणून गादीवर आलेला युवराज 1875-76 साली हिंदुस्थानात आला होता. त्याच्या स्मरणार्थ सर आल्बर्ट ससून यांनी त्याचा अश्वारूढ पुतळा शहरास दिला. लोकांनी स्वाराकडे दुर्लक्ष केले आणि घोड्याचेच नाव त्या चौकास दिले. 1965 साली पुतळा तेथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत ठेवण्यात आला. नाव मात्र हलले नाही. 2017 साली त्या परिसरात नवा काळा घोडा उभा राहिला. त्याच्या पाठीवर कोणीच स्वार नाही.

याच परिसरात 1999 पासून दरवर्षी थंडीच्या अखेरीस नऊ दिवस हा महोत्सव भरतो. प्रवेशास मूल्य नाही. रस्ता रहदारीस बंद करून त्यावर मांडणशिल्पे उभी करतात. दुतर्फा कारागिरांची दुकाने लागतात. गाणे, नृत्य, नाटक, ग्रंथचर्चा आजूबाजूच्या सभागृहांतून चालतात. स्थानही यथायोग्य आहे. हाकेच्या अंतरावर 1952 साली उघडलेले जहांगीर कलादालन आहे, समोर राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालय आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. 1857 साली सुरू झालेली सर जे. जे. कलाशाळाही तेथून फार दूर नाही.

पहिल्या तासात आमची जी स्थिती झाली ती प्रांजळपणे सांगितली पाहिजे. गर्दी चौलच्या जत्रेसारखीच. परंतु चौलास देव कोठे आहे हे ठाऊक असते, येथे नमस्कार कोणास करावा हेच कळेना. लोखंडी सळ्यांचे एक झाड होते. जुन्या घड्याळांची एक भिंत होती. पुष्कळ लोक त्यांस पाठ करून स्वतःचेच फोटो काढीत होते. अण्णा दर कलाकृतीपुढे क्षणभर थांबत आणि हलक्या आवाजात विचारीत, "यात कौशल्य ते कोणते?" नात उत्तर देण्याचा प्रयत्न करी, आणि तिच्या उत्तरांत अवघड शब्द येऊ लागले की अण्णांच्या कपाळावरची आठी वाढे.

मग एका ठिकाणी आम्ही सारेच थांबलो. जमिनीवर एक मोठी, निळ्या-हिरव्या रंगांची रांगोळी काढलेली दिसली. जवळ गेलो तेव्हा कळले की, ती रांगोळी नव्हे. बाटल्यांची बुचे, मोडके कंगवे, चपलांचे पट्टे, खेळण्यांचे तुकडे असा समुद्राने किनाऱ्यावर टाकलेला प्लास्टिकचा केरकचरा रंगवार निवडून मांडलेला होता. दुरून मनोहर, जवळून ओशाळवाणे. यातील काही वस्तू आपल्याच घरातून वाहत गेल्या नसतील कशावरून, असा विचार आमच्या मनास चाटून गेला. आमच्या वरसोलीच्या वाळूवर हेच सामान आम्ही रोज तुडवीत जातो, आणि रोज तुडवितो म्हणूनच ते आम्हांस दिसेनासे झाले आहे.

आत्याबाईंनी तेथील तरुण कलावतीस विचारले, "मुली, हे किती दिवस ठेवणार?"

"नऊ दिवस, आजी. नंतर सगळे गोळा करावयाचे."

"मग आमच्या चैत्रांगणासारखेच की! सकाळी सडा घातला की कालचे पुसले. पुन्हा नवे काढावयाचे."

ती मुलगी खालीच बसली आणि चैत्रांगण म्हणजे काय ते विचारू लागली. आत्याबाई शंख, चक्र, कासव, नाग, गोपद्मे, गौरीचा पाळणा अशी एकेक आकृती हवेत बोट फिरवून दाखवू लागल्या. इकडे अण्णा त्या मांडणीभोवती फेऱ्या घालीत होते. तिसऱ्या फेरीनंतर ते आम्हांस म्हणाले, "आतल्या वर्तुळात आठ, पुढच्यात सोळा, मग चोवीस. गणितश्रेढी आहे ही. सहज मांडलेले नाही." त्या दिवसात त्यांच्या तोंडून निघालेला हा पहिला अनुकूल शब्द.

हुबेहूबपणा म्हणजे कला, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते, आणि ती निराधार नाही. 1888 साली स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनांतून आपल्या आजोबा-पणजोबांनी जी चित्रे वाखाणली, ती बहुतेक याच मापाने. परंतु हुबेहूब रूप टिपण्याचे काम छायाचित्राने हाती घेतल्यावर चित्रकारांस आपले निराळे काम शोधावे लागले. मुंबईत 1947 साली सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे या सहा तरुणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला, तेव्हा त्यांस थोडी का टीका सोसावी लागली? यांपैकी हुसेन तर आरंभी चित्रपटांचे फलक रंगवून पोट भरीत.

त्याच हुसेन यांचे 'ग्रामयात्रा' हे 1954 सालचे चौदा फूट लांबीचे चित्र मार्च 2025 मध्ये न्यूयॉर्क येथील लिलावात सुमारे 118 कोटी रुपयांस विकले गेले. तो आकडा ऐकून घरोघर तोंडात बोटे गेली. आम्हांस त्या चित्राची आधीची हकीकत अधिक महत्त्वाची वाटते. हुसेन यांस मोठे नाव मिळण्यापूर्वी, 1954 सालीच, दिल्लीत कामास आलेल्या एका परदेशी डॉक्टराने ते विकत घेतले. पुढे ते ऑस्लोच्या रुग्णालयाकडे गेले आणि कित्येक दशके तेथे लोकांच्या नजरेआड राहिले. ज्याने प्रथम घेतले त्याच्यापाशी किमतीचा आधार नव्हता. त्याला आपल्या डोळ्यांवरच विसंबावे लागले.

केवळ खरेदीविक्रीच्या जत्राही आता आपल्याकडे भरतात. महालक्ष्मीच्या शर्यतीच्या मैदानावर 2023 पासून 'आर्ट मुंबई' भरू लागली. तेथे देशोदेशीच्या दालनांचे मालक आपला माल मांडतात. कोचीन येथे 2012 पासून आणि पणजीस 2016 पासून मोठी कलासंमेलने सुरू झाली. पश्चिमेकडे व्हेनिस शहरात ही प्रथा 1895 पासून आहे, आणि अमेरिकेतील मायामीच्या समुद्रकाठी 2002 पासून. ही सारी गावे समुद्रकाठचीच, हे लक्षात घेण्याजोगे आहे. जेथे परका माल उतरतो तेथे परके विचारही उतरतात आणि ते पाहावयास माणसे जमतात. आमचे चौलही एके काळी असेच मोठे बंदर होते.

दुसऱ्या दिवशी परतताना मांडव्यास उतरल्यावर नातीने हट्ट धरला की, थेट घरी न जाता सासवण्यास जावयाचे. सासवणे मांडव्याहून जवळच. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचे हे जन्मगाव. त्यांच्या घरीच त्यांचे शिल्पालय आहे. आम्ही या वाटेने शेकडो वेळा गेलो असू; लहानपणी शाळेच्या सहलीनंतर आत पाऊल टाकले नव्हते, हे कबूल करण्यास लाज वाटते.

करमरकर यांचा जन्म 1891 सालचा. वडील शेती करीत आणि गणपतीच्या मूर्तीही घडवीत. मुलाने देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचे चित्र काढले. ते जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडले, आणि त्यांच्या साह्याने हा खेड्यातला मुलगा मुंबईच्या कलाशाळेत दाखल झाला. पुढे त्यांनी कलकत्त्यास काम केले, इंग्लंडमध्ये शिक्षण घेतले. पुण्याचा 1928 सालचा शिवाजी महाराजांचा भव्य अश्वारूढ पुतळा त्यांचाच. तो एकसंध ओतलेला आहे. 1930 साली 'शंखध्वनी' या शिल्पास बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. 1962 साली पद्मश्री मिळाली. 1967 साली ते वारले. एवढा लौकिक मिळवूनही त्यांनी सासवणे सोडले नाही, आणि संगमरवर नि ब्रॉंझ हाताळणारे हात साध्या सिमेंटमध्येही तितक्याच मायेने काम करीत राहिले.

त्या अंगणात गावची माणसे आहेत, जनावरे आहेत. म्हैस अशी आहे की, हाक मारली तर मान वळवील. आणि 'मत्स्यगंधा' आहे. अण्णा तिच्यापुढे उभे राहिले ते राहिलेच. काल रस्त्यावर ज्यांनी दर पावलास प्रश्न विचारला, त्यांनी येथे एकही विचारला नाही. बऱ्याच वेळाने नातीस म्हणाले, "त्या कलेक्टराने भिंत पाहिली नसती, तर?"

"मग त्यांच्या वडिलांनी पाहिली असती, आजोबा," नात म्हणाली.

यावर कोणी काही बोलले नाही. देवळाच्या भिंतीवर चित्र काढणाऱ्या मुलास घरातूनच साह्य मिळण्याऐवजी परक्या अंमलदाराची वाट का पाहावी लागावी, हा प्रश्न आमच्याबरोबर घरापर्यंत आला.

अण्णांची चुलीविषयीची शंका खोटी नव्हे. चित्र विकून निर्वाह होईलच असे कोणी लिहून देणार नाही. परंतु उपयोजित कला, ग्रंथांची सजावट, कलाशिक्षकाचा पेशा, जुन्या वास्तूंची व चित्रांची निगा असे अनेक मार्ग आज आहेत. आणि आपल्याच जिल्ह्यात पेण आहे. तेथे नि हमरापूर, जोहे यांसारख्या आसपासच्या गावांत गणेशमूर्तींवर घरेच्या घरे चालतात. तेथील मूर्ती साता समुद्रांपलीकडे जातात. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या हाताची किंमत पेणेत सर्वांस कळते. ते डोळे दीड किंवा दहा दिवसांनी पाण्यात जावयाचे असतात, म्हणून कोणी ते कमी मन लावून आखीत नाही. नऊ दिवसांच्या मांडणशिल्पाकडेही आम्ही आता याच दृष्टीने पाहू लागलो आहो.

ज्यांच्या घरी अशी एखादी वहीत रेघोट्या ओढणारी नात वा नातू असेल, त्यांस आमचे दोन शब्द. कलेच्या जत्रेस घरची थोर आणि लहान माणसे बरोबर घेऊन जा. सारे पाहण्याचा आग्रह धरू नका. तीन गोष्टी पाहा, पण त्यांच्याभोवती तीन तीन फेऱ्या घाला. कळले नाही तर करणाराला विचारा. तो बहुधा तेथेच उभा असतो आणि विचारणाऱ्याची वाट पाहत असतो. किंमत शेवटी विचारा. जमले तर एखादे लहानसे चित्र घरी आणा. दिवाणखान्यातील दिनदर्शिकेशेजारी त्यास जागा खचित होईल. आणि परतताना आपल्या गावातले जे शिल्प, जे देऊळ, जी भिंत वर्षानुवर्षे न पाहता ओलांडली, तिच्यापुढे घटकाभर थांबा.

आमच्या घरी अजून काही ठरले आहे असे म्हणता येणार नाही. मात्र सासवण्याहून घरी येताना अण्णांनी नातीस कलाशाळेच्या प्रवेशपरीक्षेचा अर्ज कोणत्या तारखेपर्यंत भरावयाचा असतो ते विचारले, आणि रात्री तो स्वतः वाचून पाहिला. त्यातील भूमितीच्या आकृत्यांचा भाग आपण शिकवू, असे ते म्हणाले. चैत्रांगण यंदा नातीने काढावयाचे आणि आत्याबाईंनी बसून सांगावयाचे, असेही ठरले आहे.